मिस्त्रीणबाईचे डोळे

ते साल होतं दोन हजार बावीस. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते, आणि कोल्हापुरात बागल चौकाच्या मागच्या एका गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात, माझी किंमत ठरायची होती.

मी एक जुनी बाहुली आहे, मित्रांनो. बाहुली म्हटलं की तुम्हाला फ्रॉक आणि सोनेरी केस आठवतील, म्हणून आधीच सांगते. माझ्या अंगात अंतराळात घालतात तसला राखाडी पोशाख आहे, पायांत जाड बूट आहेत आणि उजव्या हातात पाना आहे. उंचीनं मी वीतभर. मान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, सगळे सांधे वळतात. चाळीसेक वर्षांपूर्वी परदेशात एक सिनेमा निघाला होता. त्यात काही माणसं दूरच्या ग्रहावरून घरी परतत असतात. वाटेत यान बिघडतं. तेव्हा यानावरची मिस्त्री, एक बाई, अकरा तास यानाच्या बाहेर काळोखात लोंबकळत राहते आणि ते दुरुस्त करते. त्या बाईसारखी मला केली आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून बाहेर काढल्यावर आम्हाला एका लांबलचक टेबलावर ठेवत. टेबलाच्या दोन्ही बाजूंना मुली बसलेल्या असत. एक बूट रंगवी, एक पट्टा रंगवी. डोळ्यांत बुबुळाचा काळा ठिपका देणारी मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असेल. ती दिवसभर तेवढंच करायची. माझी पाळी आली तेव्हा तिला शिंक आली आणि माझ्या डाव्या डोळ्यातला ठिपका केसभर वर गेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, पुसायला चिंधी उचलली, पण तोवर पुढची बाहुली समोर आली होती. त्यामुळे माझा एक डोळा समोर आणि दुसरा किंचित आभाळाकडे, असा राहून गेला.

कोल्हापुरात मी आले ती सत्त्याऐंशी साली. या घरच्या इमामबीचा भाऊ बोटीवर स्वयंपाकी होता. कुठल्याशा बंदरात त्यानं तो सिनेमा पाहिला आणि आपल्या भाचीसाठी, तमन्नासाठी, मला विकत घेतलं. तमन्ना तेव्हा आठ वर्षांची होती. माझ्या पेटीचं पारदर्शक झाकण इमामबीनं बटणं ठेवायला घेतलं, आणि पाठीमागचा रंगीत पुठ्ठा तमन्नाच्या वडिलांनी, चमननं, ब्रश पुसायला घेतला. असल्या पेटीलासुद्धा पुढं कधी किंमत येते, हे त्या घरात कुणाला स्वप्नातही माहीत नव्हतं. चांगला पुठ्ठा वाया घालवायचा नाही, एवढं मात्र पक्कं माहीत होतं.

चमन पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शाहूपुरीतली भुसार दुकानं, लक्ष्मीपुरीतली हार्डवेअरची दुकानं, दवाखाने, गिरण्या, सगळीकडे त्याची अक्षरं होती. शिडीवर उभा राहून तो रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला हाक मारायचा आणि त्याच वेळी त्याच्या हातातला ब्रश 'ळ' चा वळसा न हलता पुरा करायचा. माझ्या हातातला पाना बघून पहिल्याच दिवशी तो म्हणाला, ही आपल्यातलीच हाय, हातानं काम करणारी. तेव्हापासून मला घरात मिस्त्रीणबाई म्हणू लागले.

तमन्नानं मला खूप वागवलं. रोज सकाळी ती स्वतःचे दात घासायची आणि मग लाल दंतमंजनानं माझं तोंड घासायची. मुलगी शिस्तीची होती. चार-पाच वर्षं एकही दिवस चुकली नाही. माझ्या डाव्या डोळ्याचा रंग तसाच हळूहळू गेला. शेवटी आभाळाकडे बघणारा तो ठिपका अर्धाच उरला.

गणपतीच्या आधी दोन महिने चमन पाट्यांचं काम कमी करायचा आणि कुंभार गल्लीत आण्णांच्या शेडमध्ये जायचा. आण्णा मूर्ती करायचे. चमनकडे त्यांनी एकच काम दिलं होतं, डोळे आखायचं. मूर्ती घडवणारे पुष्कळ असतात, पण डोळे आखणारा हात एखादाच असतो. तमन्ना मला घेऊन तिथं बसायची, म्हणून ते काम मी जवळून पाहिलं आहे. आधीचा रंग जरा जरी खराब दिसला तर चमन तो काचपेपरनं घासून काढायचा, पांढऱ्या रंगाचा एक हात द्यायचा, तो वाळला की श्वास धरून बुबुळ भरायचा. दोन्ही बुबुळं एका ओळीत आली पाहिजेत. मग मूर्तीच्या तोंडावर रुमाल टाकायचा. गिऱ्हाईक येऊन नेईपर्यंत तो रुमाल काढायचा नाही. आणि आण्णांचा एक नियम होता, डोळे आखल्याशिवाय मूर्ती दाराबाहेर जाऊ द्यायची नाही. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, दुप्पट पैसे देवो. चमननं तो नियम तीस वर्षं पाळला.

मित्रांनो, हे सगळं मी एवढं सविस्तर सांगते आहे ते उगीच नाही. पुढं जे बिघडलं, ते या चांगल्या सवयींमुळेच बिघडलं.

तमन्ना मोठी झाली. लग्न होऊन बिद्रीला गेली. तिचा नवरा तिथल्या साखर कारखान्यात हंगामी कामगार होता, ती घरी ब्लाउज शिवायची. मी पत्र्याच्या ट्रंकेत गेले. माझ्या शेजारी एकेक करून चमनचे ब्रश येऊन पडू लागले. आधी मोठे, मग मधले. बाहेर फ्लेक्सचे दिवस आले होते. चमनच्या पाट्या कुणी उतरवल्यासुद्धा नाहीत. त्यांच्यावरच फ्लेक्स ताणून खिळे ठोकले. तरी गणपतीच्या दिवसांत तो आण्णांकडे जायचा. मग त्याचे हात कापू लागले, आणि एक वर्ष आण्णांनीच त्याला सांगितलं की आता बसून राहा, चहा प्यायला येत जा. सगळ्यात शेवटी डोळे आखायचा बारीक, झिरो नंबरचा ब्रश ट्रंकेत आला. त्यानंतर सहा वर्षं त्या घरात रंगाचा डबा उघडला नाही, आणि चमनचं बोलणंही कमी होत गेलं.

त्याच सुमाराला इमामबीला ऐकू येईनासं झालं. हे घरात फार उशिरा लक्षात आलं. आमच्या कोल्हापुरात माणसं तशीही मोठ्यानंच बोलतात, त्यामुळे तिला ऐकू येतंय की नाही हे कळायलाच दोन वर्षं गेली. समोरच्या घरातली अंबूबाई पहिल्यांदा तमन्नाला म्हणाली, अगं, ही माझ्या तोंडाकडं बघून मान हलवतीया. तोवर बरंच गेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कानांना चांगली मशीनं बसवली तर येईल ऐकू. साठ हजारांच्या पुढं जाईल.

इमामबी कधी काही म्हणाली नाही. पण ती लग्नकार्याला जाईनाशी झाली. बायका हसल्या की आपल्यालाच हसल्या असं तिला वाटायचं. बिद्रीहून तमन्नाचा फोन आला की ती तो चमनच्या हातात देऊन स्वयंपाकघरात निघून जायची. लेकीला हे सगळ्यात जास्त लागलं. तिनं ठरवलं की अम्मीच्या कानाला मशीन घ्यायचंच. पण ब्लाउज शिवून साठ हजार कधी जमणार?

एकवीस सालच्या दिवाळीत ट्रंक साफ करताना तिच्या हाताला मी लागले. तिच्या वाचनात एक जाहिरात आली होती, जुनी खेळणी पारखून मिळतील. तिनं माझे चार फोटो पाठवले. उत्तर देणाऱ्याचं नाव श्रेणिक. राजारामपुरीत त्याच्या घरचं तीन पिढ्यांचं भांड्यांचं दुकान होतं. तिथं बसून तो देशभरच्या हौशी लोकांसाठी खेळण्यांची पारख करायचा. लोक त्याच्या सहीच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे. त्यानं कळवलं की फोटोत दिसते तशीच वस्तू असेल, तर बेंगळुरूचे एक गृहस्थ पासष्ट हजार देतील. मी स्वतः येऊन पाहीन. तोवर नीट ठेवा.

तमन्नानं घरी येऊन अब्बांना तेच शब्द सांगितले. नीट ठेवा. पुढच्या महिन्यात ते बघायला येणार आहेत. अम्मीच्या मशीनचं त्यावरच आहे. आणि ती एसटीनं बिद्रीला परत गेली.

आता चमनच्या जागी उभं राहून बघा. पासष्ट हजार देणारं गिऱ्हाईक. आणि वस्तूचा एक डोळा अर्धा पुसलेला, तोही वर गेलेला.

त्यानं मला जेवणाच्या ताटाएवढ्या फळीवर निजवलं. ट्रंकेतून झिरो नंबरचा ब्रश काढला, रॉकेलमध्ये भिजवून मऊ केला. कोपऱ्यावरच्या दुकानातून रंगाच्या तीन लहान डब्या आणल्या. तीन दुपारी तो माझ्यावर वाकून बसला होता. पहिल्या दुपारी त्यानं काचपेपरनं माझे दोन्ही डोळे घासून काढले. त्या मुलीनं दिलेले दोन्ही ठिपके गेले. मला दुखलं नाही, प्लास्टिकला दुखत नाही. पण तिचं चिंधी हातात घेऊन थांबलेलं तोंड मला आठवलं. दुसऱ्या दुपारी त्यानं पांढरा हात दिला. तिसऱ्या दुपारी श्वास धरून बुबुळं भरली. त्याचा हात एकदाही हलला नाही. सकाळी चहाचा कप धरताना हलायचा, तोच हात. काम झाल्यावर त्यानं मला दोन्ही हातांनी लांब धरलं आणि डोकं एका बाजूला कलतं करून पाहिलं. मग धुतलेला रुमाल माझ्या तोंडावर टाकून मागं गाठ मारली.

लेक आल्यावरच उघडायचं, असं त्यानं ठरवलं होतं.

श्रेणिक रविवारी दुपारी आला. तमन्ना सकाळच्या गाडीनं आली होती, पण पोहे, सरबत, चटईची झटकाझटक यात तिला मला बघायला वेळ मिळाला नाही. श्रेणिक पस्तिशीचा, चष्मा लावणारा, बोलायला मऊ माणूस होता. तो खाली चटईवर बसला. पिशवीतून पांढरं फडकं काढून त्यानं अंथरलं, हातमोजे चढवले, भिंग काढलं, एक निळ्या उजेडाची छोटी बॅटरी काढली आणि एक छापील कागद. तमन्नानं मला फडक्यावर ठेवलं. माझ्या तोंडावर रुमाल होताच.

"तोंड शेवटी बगा, पावणं," चमन खाटेवरून म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

श्रेणिक हसला. म्हणाला, तसंही मी पायांपासूनच सुरुवात करतो. त्यानं माझ्या बुटाच्या तळव्यावरचा आकडा भिंगातून वाचला आणि कागदावर लिहिला. गुडघे वाकवून पाहिले. कंबर फिरवली. पाना हातात घट्ट बसतो का ते पाहिलं. प्रत्येक गोष्टीला तो मान हलवत होता. पोशाखाचा रंग त्यानं निळ्या उजेडात धरला. सगळं मूळचं आहे, म्हणाला, इतकं जपलेलं मी या भागात पाहिलं नाही. पेटी आहे का? पेटीचं काय झालं ते तमन्नानं सांगितलं, तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला, पण हसूनच. चमनही हसला. स्वयंपाकघरात इमामबी चहा ठेवत होती. तिला काहीच ऐकू येत नव्हतं, पण तीही बाहेर डोकावून दोघांचं हसू बघून हसली.

मग त्यानं रुमालाची गाठ सोडली.

मित्रांनो, मला कुणा परक्यानं इतका वेळ निरखून पाहिलं नव्हतं. त्यानं भिंग खाली ठेवलं. निळा उजेड माझ्या तोंडावर पाडला आणि लगेच विझवला.

"हे डोळे कुणी केले?"

"म्या," चमन म्हणाला. "तीस वर्सं गणपतीचं डोळं आखल्यात. तुमी आण्णांना इचारा की कुंभार गल्लीत."

श्रेणिक तमन्नाकडे वळून हळू आवाजात म्हणाला, जरा बाहेर येता का? तमन्नाचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, जे काय असेल ते इथंच सांगा.

त्यानं सांगितलं. काम उत्तम आहे, असा हात त्यानं बघितलेला नाही. पण घेणाऱ्याला उत्तम नको असतं, मूळचं हवं असतं. अर्धा पुसलेला डोळा चालला असता. तो वर गेलेला ठिपका तर त्या गृहस्थांनी फोटोत मोठा करून पाहिला होता. कारखान्यातल्या कुणाच्या तरी हाताची ती चूक, तशी दुसरी बाहुली कुठं मिळायची नाही, म्हणून ते पासष्टवर गेले होते. आता फार तर चार हजार.

तमन्ना म्हणाली, फोटो तर त्यांच्याकडे आहेच. डोळ्यांचं कळवलंच नाही तर? तिनं हे विचारलं आणि विचारता विचारताच तिची मान खाली गेली. श्रेणिकनं फक्त तो छापील कागद दाखवला. खाली त्याच्या सहीची जागा रिकामी होती.

"अब्बा," तमन्ना म्हणाली, "कुणी सांगितलं होतं तुम्हाला? नीट ठेवा म्हणाले होते ते. ठेवा म्हणाले होते."

चमन खाटेवरून उठला. कोनाड्यातली टर्पेंटाइनची बाटली आणि बोळा घेऊन आला. "काडतो," म्हणाला. "आत्ता काडतो. एवढं काय त्यात." बोळा ओला करताना त्याच्या बोटांवरून टर्पेंटाइन चटईवर सांडलं. श्रेणिकनं त्याचं मनगट धरलं, अगदी हलक्यानं.

"काका, रंगाखाली काही ठेवलंय का?"

चमन थांबला. तो पेंटर होता. त्याला त्या प्रश्नाचा अर्थ कुणापेक्षाही जास्त कळला. पांढरा हात देण्याआधी त्यानं काय घासून काढलं होतं, ते त्याच्या डोळ्यांपुढे आलं असणार. त्यानं बोळा बाटलीशेजारी ठेवला आणि खाली बसला.

"म्हंजे कुणाच्या तरी हातचं काम हुतं ते," तो म्हणाला. "माझ्या पाटीवर फ्लेक्स चढवला लोकांनी, तसा मी तिच्यावर चढवला."

आणि नेमकी त्याच वेळी इमामबी चहाचे कप घेऊन बाहेर आली. तिनं तिघांची तोंडं पाहिली. "काय म्हनालं पावणं?" तिनं विचारलं. "किती?"

तुम्ही कधी बहिऱ्या माणसाला वाईट बातमी सांगितली आहे का? ती कुजबुजून सांगता येत नाही. धीरानं, खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात सांगता येत नाही. ती ओरडून सांगावी लागते. दार उघडं होतं. समोरच्या पायरीवर अंबूबाई मेथी निवडत बसली होती, तिच्याशेजारी आणखी दोघी होत्या. तमन्नानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या मनात राग होता, पण गल्लीनं बापाची चूक ऐकावी एवढा नव्हता.

शेवटी चमनच उठला. बायकोच्या कानाशी गेला, आणि शिडीवरून चहावाल्याला हाक मारायचा त्या आवाजात म्हणाला, "डोळं मी रंगवलं, त्यानं किंमत गेली. तुझं मशीन माझ्या हातानं गेलं."

समोर अंबूबाईचा हात थांबला.

इमामबीनं कप खाली ठेवले. तिनं मला उचललं आणि दारापाशी उजेडात नेलं. बराच वेळ बघत राहिली. मग बोलली. ती आता सगळंच मोठ्यानं बोलायची, त्यामुळे हेही गल्लीनं ऐकलं.

"रंगवून किंमत जाती ते मला ठावं न्हवतं," ती म्हणाली. "पर तुमी ब्रश धरला ते मी चुलीपासनं बघत हुते. तीन दुपार. हात हलला न्हाय तुमचा. सा वर्सांनी मानूस घरी आल्यागत वाटलं मला. आडवलं असतं व्हय मी?"

चमन बोटांवरचं टर्पेंटाइन सदऱ्याला पुसत राहिला.

"आणि मशीन घिऊन तरी काय ऐकू?" ती म्हणाली. "तुमी बोलताय कुठं."

पायरीवरची एकजण हसली. अंबूबाईनं तिला चापट मारली, आणि मग तीही हसली. तमन्ना मात्र भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडते आहे.

श्रेणिकनं चहा पिऊन संपवला. मग कागद पुढं ओढला. 'रंग' या शब्दापुढं त्यानं लिहिलं, पोशाख मूळचा, डोळे मूळचे नाहीत. मग चमनला विचारलं, कागदावर नाव काय घालू? 'डोळे, चमन पेंटर, कोल्हापूर, जानेवारी २०२२' असं त्यानं त्याच ओळीत लिहिलं आणि सही केली. म्हणाला, वस्तूवर कुणाचा हात पडला ते कागदावर असावं. फी घेतली नाही. चार हजारांना द्यायची का, असं त्यानं विचारलं तेव्हा तमन्नानं मान हलवली. नको.

मला वाटलं होतं, इमामबीच्या बोलण्यानं सगळं तिथंच निवळेल. तसं झालं नाही. चमन महिनाभर जेवायला नीट बसला नाही. तमन्ना दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली ती मांडे घेऊन, आणि काही न बोलता बापाच्या ताटात तिनं दोन जास्त वाढले. त्या घरात माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं काहीतरी पडलेलं असेल. आजोबांचं घड्याळ असेल, आजीचा डबा असेल, कुणाच्या तरी हातची शिवण असेल. ते मळकं दिसेल, वाकडं दिसेल. ते चकचकीत करायची घाई करू नका. आधी विचारा, हे कुणी केलं होतं? हा वाकडेपणा कुणाचा आहे? एकदा घासून काढलेलं परत येत नाही. आणि तुमच्या घरातल्या कुणी प्रेमापोटी असं काही घासून काढलंच, तर रागानं बोलण्याआधी त्याच्या हातांकडे बघा. ते हात किती दिवसांनी कामाला लागले होते, तेही बघा. माझी एवढीच विनंती आहे.

आता पुढं कोणाचं काय झालं ते सांगते.

श्रेणिक अजून भांड्यांच्या दुकानात बसून पारख करतो. पण आता फोटो पाठवणाऱ्या प्रत्येकाला तो पहिलं उत्तर एकच देतो. मी येईपर्यंत पुसू नका, धुऊ नका, रंगवू नका, आणि घरात कुणी कलाकार असेल तर त्यांना हा निरोप वाचून दाखवा.

आण्णा त्याच वर्षी आषाढात स्वतः घरी आले होते. अंबूबाईकडून त्यांना सगळं कळलं होतं. माझे डोळे त्यांनी चष्मा वर सरकवून बघितले आणि चमनला म्हणाले की मोठ्या मूर्ती नकोत, वीतभर उंचीच्या कर. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी चमननं छोट्या मूर्तींचे डोळे आखले. एखाद्या दिवशी हात हलायचा, त्या दिवशी तो नुसता बसून राहायचा. आण्णांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आता शेड त्यांचा मुलगा बघतो.

तमन्ना बिद्रीतच आहे. ब्लाउजांच्या जोडीला तिनं शाळेच्या गणवेशांचं काम धरलं. तेविसाच्या उन्हाळ्यात एका संस्थेच्या शिबिरात इमामबीच्या उजव्या कानाला मशीन मिळालं, आणि डाव्या कानाचं तमन्नानं वर्षभरानं स्वतःच्या कमाईतून घेतलं.

अंबूबाई मुलाकडे चंदगडला राहायला गेली. तिथं पाऊस फार, म्हणून कुरकुर करते. इमामबीला रोज फोन करते आणि फोनवरही ओरडूनच बोलते.

पहिलं मशीन बसलं त्या दिवशी इमामबीनं चमनला म्हटलं, बोला काहीतरी. तो लाजला. काय बोलू, म्हणाला. ती म्हणाली, एवढंच व्हय. पण त्यानंतर तो बोलू लागला. कोणत्या दुकानाची पाटी कशी केली, कोणत्या अक्षराला किती वेळ लागला, कुणी चहा पाजला, कुणी पाजला नाही. संध्याकाळी खाटेवर बसून तो सांगायचा आणि ती ऐकायची. दीड वर्ष असं चाललं. चोवीस सालच्या थंडीत एका सकाळी तो झोपेतून उठला नाही.

इमामबी मशीन रोज लावते. रिक्षांचा आवाज फार होतो, अशी तक्रार करते. संध्याकाळी, चमन सांगत बसायचा त्या वेळेला मात्र ती दोन्ही मशीनं कानांतून काढून कोनाड्यात माझ्या पायाशी ठेवते आणि खाटेवर जाऊन बसते. त्या वेळी गल्लीतलं कुणी तिच्याशी बोलत नाही. अर्ध्या-पाऊण तासानं ती उठते, मशीनं परत कानांत घालते आणि चुलीकडे जाते.